म्युनिकमध्ये घर शोधताना पासपोर्टची प्रत पाठवण्याआधी

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमात पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा भेटला. घर मिळालं का म्हणून विचारलं, तर आनंदानं म्हणाला, "मिळाल्यातच जमा आहे काका. मालक नॉर्वेला असतात, किल्ली कुरिअरने पाठवतायत." माझ्या पोटात धस्स झालं. त्याला तिथेच बाजूला घेतलं आणि माझी सगळी हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो आहे, कारण असा मुलगा प्रत्येक वेळी मला समोर भेटेलच असं नाही.

2023च्या एप्रिलअखेर मी सांगलीहून म्युनिकला आलो. कंपनीनं तीन महिन्यांपुरती राहायची सोय केली होती. ऑगस्टमध्ये ही आणि मुलगी येणार होत्या. मुलीला सहा पूर्ण झालेली, म्हणजे सप्टेंबरात पहिलीत घालायची. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी प्राथमिक शाळा आपण निवडत नाही, ती पत्त्यावरून ठरते. त्यामुळे घर ठरल्याशिवाय शाळेचंही काही ठरत नव्हतं.

इथे घर मिळणं किती अवघड असतं, हे आल्याशिवाय कळत नाही. साठाहून जास्त जाहिरातींना मी लिहिलं, चार ठिकाणी बघायला बोलावलं. एका ठिकाणी तर चौथ्या मजल्यावरच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत माणसं जिन्यात उभी. प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं भाडं थकलेलं नसल्याचं पत्र, आणि शुफा, म्हणजे इथला सिबिल स्कोअर. नव्या माणसाकडे यातलं काय असणार? माझ्याकडे दोन स्लिपा होत्या.

अशात म्युनिकच्याच सेंडलिंग भागातली जाहिरात दिसली. दोन खोल्या, अठ्ठावन्न चौरस मीटर, हारास स्टेशनपासून चालत सात मिनिटं. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं 950 युरो, हीटिंग आणि पाणी धरून 1150. त्या भागात असलं घर एवढ्यात मिळत नाही, हे मला तोवर कळलं होतं. तरी लिहिलं. तासाभरात घरमालकाचं उत्तर आलं, तेही लांबलचक आणि आपुलकीचं. मुलगी म्युनिकला शिकायला होती, तिच्यासाठी घर घेतलं, आता ती परत गेली, आम्ही दोघं परदेशात असतो, पैशापेक्षा घर नीट ठेवणारं कुटुंब हवंय. तुमच्याविषयी सांगा, असं विचारलं होतं. अडीच महिन्यांत मला असं विचारणारं हे पहिलं माणूस. मी सगळं सांगितलं: ही कधी येणार, मुलगी कितवीत जाणार, कंपनीची जागा कोणत्या तारखेला सोडायची. आज वाटतं, गळ कुठे आणि कधी टाकायचा हे त्याला मीच लिहून दिलं.

त्यानं स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली आणि माझी मागितली. त्यानं आधी विश्वास दाखवला, मग आपण मागे कसं राहायचं? पासपोर्ट, व्हिसाचं कार्ड, दोन्ही स्लिपा, सगळं पाठवलं.

मी अगदी डोळे झाकून पैसे दिले असं नाही. संध्याकाळी जाऊन इमारत पाहून आलो. इमारत खरी होती, पत्ता खरा होता. जर्मनीत दाराशी घंटेच्या बटणांवर फ्लॅटचा नंबर नसतो, राहणाऱ्याचं आडनाव असतं. मी सगळी नावं वाचली. त्याचं नाव नव्हतं. मेल केली, तर उत्तर आलं की पाटीवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव आहे. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचं होतं. तोवर घराचे फोटो सांगलीला पोचले होते आणि निळ्या पडद्याची खिडकी माझी, असं मुलीनं ठरवून टाकलं होतं.

मग लिंक आली. सुट्टीत घरं भाड्यानं देणाऱ्या एका जगप्रसिद्ध कंपनीच्या पानासारखं हुबेहूब पान. पैसे त्या कंपनीकडे राहतील, किल्ली तुमच्या हातात येईल, सात दिवसांत घर पसंत पडलं नाही तर परत मिळतील, असं त्यावर लिहिलेलं. दोन महिन्यांचं डिपॉझिट 1900 आणि पहिलं भाडं 1150, असे 3050 युरो मी भरले. रुपयांत पावणेतीन लाखांच्या आसपास. खातं स्पेनमधलं, आणि खातेदाराचं नाव तिसरंच.

किल्ली मंगळवारी येणार होती, ती शुक्रवारपर्यंत आली नाही. मेलला उत्तर येईना. शनिवारी सकाळी त्या इमारतीपाशी जाऊन उभा राहिलो. तळमजल्यावरच्या आजी कचरा टाकायला बाहेर आल्या. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. हळूच म्हणाल्या, "या महिन्यात तुम्ही तिसरे." पाणी हवंय का, एवढं मात्र विचारलं. हिला फोन करायला मला रात्र झाली. सांगलीत तेव्हा दीड वाजला होता, पण ती जागीच होती.

नंतर ते फोटो पुन्हा उघडले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन चौकोनी पिनांचे, इंग्लंडमध्ये असतात तसे सॉकेट होते. जर्मनीत सॉकेट गोल आणि खोलगट असतात, रोज त्यातच तर मी फोन लावत होतो. फोटो दहा वेळा पाहिले होते, भिंत एकदाही पाहिली नव्हती. म्हणून सांगतो, घराच्या फोटोत सॉकेट बघा, खिडकीची कडी बघा. जर्मन खिडकी वरून आत कलतेही आणि दारासारखी उघडतेही, तिची मूठ वेगळी असते.

बँकेनं पैसे परत मागवून पाहिले, पण खातं रिकामं झालं होतं. नाव आणि खाते क्रमांक जुळतात का, हे तेव्हा इथल्या बँका बघत नसत. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो देशांत पैसे पाठवण्याआधी बँकेला ते तपासून सांगावं लागतं. नाव जुळत नसल्याची सूचना आली तर तिथेच थांबा, समोरचा कितीही कारणं देवो. पोलिसांत तक्रार केली, क्रमांक मिळाला. काही महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं: आरोपीचा शोध लागला नाही, तपास थांबवला आहे.

कायदा खरं तर भाडेकरूच्या बाजूनं आहे, तो मला माहीत नव्हता. डिपॉझिट तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना देय होतो. किल्ली हातात नसताना, घर आतून पाहिलेलं नसताना एक सेंटही देऊ नका. तुम्ही अजून भारतात असाल तर इथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला घराच्या आत जाऊन यायला सांगा. अनोळखी असलो तरी मराठी माणूस यासाठी एक संध्याकाळ नक्की देईल, मी तर देतोच. आणि कागद मागितलेच, तर प्रतीवर आडवं मोठ्या अक्षरांत लिहा, 'फक्त अमुक पत्त्याच्या घरासाठी', खाली तारीख घाला आणि पासपोर्टचा नंबर झाका.

हे शेवटचं मी इतकं कळकळीनं का सांगतोय? नोव्हेंबरमध्ये लिंक्डइनवर नागपूरच्या एका मुलाचा निरोप आला. "सर, तुमचा सेंडलिंगचा फ्लॅट मी घेतोय, उद्या पैसे भरतो. फोटोत तुम्हीच आहात ना?" सोबत माझ्या पासपोर्टची प्रत. मला ज्याचा पासपोर्ट दाखवला होता तोही असाच आधी फसलेला कोणीतरी असणार, हे मला त्या क्षणी कळलं. मुलाला लगेच फोन लावला, त्याचे पैसे वाचले.

त्यानंतर असे आणखी तीन निरोप आले. शेवटचा तुर्कस्तानातल्या एका बाईंचा होता. त्यांनी पैसे आधीच भरले होते आणि मला चोर समजून लिहिलं होतं: माझी दोन मुलं आहेत, तुम्हालाही असतील. दोन दिवस मला काय उत्तर द्यावं ते सुचेना. शेवटी माझ्या तक्रारीची प्रत आणि क्रमांक त्यांना पाठवला, आणि त्यांच्या तक्रारीत माझं नाव येईल तिथे शेजारी हा क्रमांकही लिहा, अशी विनंती केली.