अंडर-१५ फुटबॉल लीगचा एक पूर्ण सीझन: फी, बेंच आणि मैदानावरची मिनिटं

मुलगा नववीत आहे, आम्ही गोरेगावला राहतो आणि मागचा अख्खा सीझन तो एका फुटबॉल अकॅडमीच्या कॉम्पिटिटिव्ह बॅचमधून अंडर-१५ लीग खेळला. अकॅडमीचं नाव लिहीत नाहीये, कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि तिथल्या सरांबद्दल मनापासून आदर आहे. पण ज्यांची मुलं आता बारा-तेराची होतायत त्यांनी हे वाचाच, मला कोणी आधी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं.

बारा वर्षांपर्यंत सगळं सोपं होतं. छोटं मैदान, पाच-पाच किंवा सात-सात मुलं, सगळ्यांना खेळायला मिळायचं, हरलं तरी वडापाव खाऊन घरी. तेरानंतर एकदम सगळं बदलतं, अकरा-अकरा जण, पूर्ण मैदान, पाच नंबरचा बॉल, रेफ्री, लाइन्समन, पिवळं कार्ड, लाल कार्ड. आणि लीग म्हणजे टर्फवरची एक दिवसाची टूर्नामेंट नव्हे. तिथे सकाळी हरलात की दुपारी घरी, इथे ग्रुपमधल्या प्रत्येक टीमशी मॅच, जिंकलं की ३ पॉइंट, बरोबरी झाली की १, पॉइंट सारखे झाले की बहुतेक ठिकाणी गोल डिफरन्स, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल, बघतात. म्हणून ०-४ हरत असताना पण सर ओरडत असतात की पाचवा खाऊ नका. मुलं यातून खरंच शिकतात, आमच्या पोराने पहिल्यांदाच हरलेली मॅच शेवटपर्यंत जीव तोडून खेळताना मी बघितली.

वय जन्मसालावर मोजतात, १ जानेवारीची कटऑफ. माझा मुलगा डिसेंबरचा. म्हणजे त्याच सालातला जानेवारीचा मुलगा त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा, पण दोघं एकाच गटात. पहिल्या मॅचला समोरचा स्ट्रायकर मिसरूड फुटलेला, खांद्याने ढकलला की आमचा हा दोन हात लांब. मला वाटलं वय चोरलंय, पण कागद सगळे बरोबर होते, जन्माचा दाखला, आधार, फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीच्या सिस्टिमवर रजिस्ट्रेशन. वरच्या लेव्हलला तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय पण तपासतात. तर तुमचं मूल वर्षाच्या शेवटी जन्मलेलं असेल तर दोन वर्षं धीर धरा, त्याचा खेळ कमी नसतो, अंग भरायचं बाकी असतं.

आता तक्रार. महिन्याची फी ४,५०० होती, ती माहीत होती. लीगचे ६,००० वेगळे, दोन किट वेगळे, हे ट्रायल झाल्यावर सांगितलं. ते पण भरले. पण रजिस्टर केली २६ मुलं! एका मॅचला खेळणार अकरा, बेंचवर सात, म्हणजे आठ मुलं दर रविवारी घरी, फी सगळ्यांची सारखीच. पहिल्या पाच मॅचमध्ये माझा मुलगा एकूण ९ मिनिटं खेळला. एका रविवारी कूपरेजच्या मैदानावर मॅच होती, साडेपाचची लोकल पकडून चर्चगेट, तिथून चालत, सातला रिपोर्टिंग, आणि हा पूर्ण वेळ शिनगार्ड लावून बसून. येताना जम्बो ब्लॉकमुळे गाडी खच्चून भरलेली, दारापाशी उभा राहून एवढंच म्हणाला, "आई, माझे मोजे बघ, एकदम स्वच्छ आहेत." मला काय बोलावं सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी सरांना भेटले. भांडले नाही, फक्त मिनिटं लिहून नेली होती. सरांनी ऐकून घेतलं, आणि हे मला मनापासून आवडलं, त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितलं की तुझा पहिला टच चांगला आहे पण बॉल गेल्यावर तू परत धावत नाहीस, ते केलंस की मैदानात उतरवतो. त्याने महिनाभर तेवढंच केलं. मग वांद्रे रेक्लमेशनला नेव्हिल डिसोझा ग्राउंडवर मॅच होती. स्टेशनहून जाताना रिक्षात त्याला सांगत होते की हे नाव ज्यांचं आहे त्यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक मारली होती, भारत ४-२ जिंकला होता, आणि ते आपल्या मुंबईचे. त्या दिवशी तो दुसरा हाफ पूर्ण खेळला, मॅच १-१. घरी आल्यावर बाथरूमभर टर्फचे काळे रबराचे दाणे, गुडघा सोललेला, आणि मोजे ओळखू येत नव्हते.

शाळेचं पण आधीच बोलून घ्या. शाळेच्या टीमला एमएसएसए, म्हणजे मुंबईतल्या शाळांच्या क्रीडा संघटनेच्या मॅच असतात, सुब्रतो कप या शाळांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेची तयारी असते, आणि क्लबची लीग त्याच दिवसांत आली की मुलाचे पाय एकच आणि मालक दोन. आमच्याकडे एका आठवड्यात चार मॅच झाल्या, पोटरी धरली, दहा दिवस बसला. युनिट टेस्ट पण त्यातच.

कोचिंगला ५ पैकी साडेचार, सगळ्या सरांकडे लायसन्स आहे, वॉर्म-अप कधी चुकवत नाहीत. पैशांच्या स्पष्टपणाला २. खेळायला मिळण्याला अडीच. एकूण साडेतीन.

दुसरीकडे ट्रायल देणार असाल तर लीगमध्ये कितवे आला हे नंतर विचारा, आधी विचारा किती मुलं रजिस्टर करता आणि मागच्या सीझनला सगळ्यात कमी खेळलेला मुलगा किती मिनिटं खेळला. सीझनच्या मध्येच क्लब बदलणं सोपं नसतं, एकदा नाव चढलं की ट्रान्सफरचे कागद, एनओसी, सगळी धावपळ. आम्ही यावर्षी परत तिथेच आहोत, सरांनी या वेळी २० च मुलं घेतो म्हणून ग्रुपवर लिहून दिलंय, आणि त्याचे स्टड परवाच घेतले, आठ नंबरचे.