धार्मिक की आध्यात्मिक?

रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून शोभायात्रा निघते तेव्हा अर्धं नागपूर रस्त्यावर असतं; कुणी सरबत वाटतं, कुणी रांगोळी घालतं. धार्मिक असणं म्हणजे हे: तिथी ठरलेली, माणसं अडीअडचणीला धावून येणारी. आध्यात्मिक म्हणवणारा फुटाळा तलावाच्या काठी एकटाच डोळे मिटून बसतो. मोकळीक मोठी, पण आजारपणात डबा कोण आणणार? अर्थात नुसत्या कर्मकांडात मन कोरडं राहतं, तेही खरंच. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्म दिला तो २२ प्रतिज्ञांसह. आतला बदल आणि समाज, दोन्ही एकत्र. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना गावोगावी नेली. निवडायचंच तर मी या एकत्र वाटेकडे जाईन. एकट्याची साधना मला अपुरी वाटते.