७२० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड फिल्टर: झाडं एक नंबर, कौलं मात्र फिकी

दसऱ्याआधी ऑनलाइन मागवला, ५८ मिमीचा, लेन्सवर फिरवून बसवायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं जरा रडगाणं आहे. काच एवढी काळी की आरपार काहीच दिसत नाही, घरात विचारलं वेल्डिंगची काच कशाला आणलास म्हणून.

आता कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढं इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लालपलीकडचा उजेड, अडवणारी काच आधीच बसवलेली असते, आणि हा फिल्टर डोळ्याला दिसणारा उजेड अडवतो, म्हणजे दोन्ही दारं बंद, फटीतून येईल तेवढ्यावर फोटो. भर दुपारी एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा वाढला की छिद्र बारीक), आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) ला मला २० सेकंद लागले. ट्रायपॉड पाहिजेच. फिल्टर काढून फ्रेम लावा, फोकस करा, मॅन्युअलला टाका, मग हळूच फिल्टर चढवा, धक्का लागला की परत पहिल्यापासून. कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) गवतावर घ्या नाहीतर स्क्रीनवर सगळं लालभडक दिसतं.

पहिला रविवार बेळगावकडच्या नंदगड गावात. कौलारू घरं, जांभ्याचे जोते, मागं आंबा. आंबा असला पांढरा आला की चुना ओतल्यागत, आणि आभाळ जवळजवळ काळं. पानं इन्फ्रारेड भरपूर परत फेकतात म्हणून असं होतं. पण घर बघितलं आणि तोंड उतरलं, कारण जांभा आणि कौलं, दोन्ही लाल, यात फिकी पडतात, चुन्याची भिंत आणि खालचा जोता जवळपास एकाच राखाडीत, म्हणजे आपल्याकडच्या घराची जी खरी ओळख तीच पुसली की हो! समोरून घराचा फोटो घ्यायचा असेल तर साधा ब्लॅक अँड व्हाइटच बरा. हा फिल्टर तेव्हा लावा जेव्हा झाड घरावर ओणवलंय, किंवा दगडच मुळात काळा आहे. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात तेच झालं, दगड गडद राहिला, भोवतीची झाडी पांढरी, तो एक फोटो मी फ्रेम करून घेतलाय.

नंदगडात कट्ट्यावरच्या आजी म्हणाल्या, "एवढा वेळ काय काढालास रे बाळा?" म्हटलं आजी, वीस सेकंद लागतात. तेवढ्यात त्या उठून फ्रेममधून आत गेल्या, फोटोत त्यांचा पत्ता नाही, नुसता कट्टा. वारा असला की पानांचा पिंजलेला कापूस होतो, ते काहींना आवडतं, मला नाही.

रडगाणं असं की रिंगचे आटे घट्ट, दोनदा अडकला, रबरबँड गुंडाळून काढावा लागला, आणि विक्रेत्यानं बदलून दिला नाही. मधोमध पांढरट डाग पण येतो, पण तो माझ्या कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सचा दोष, एफ ११ च्या पुढं गेलं की वाढतो, त्याला फिल्टर काय करणार.

५ पैकी ३. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसाठी (जुनं जैन मंदिर) घेणार असाल तर थांबा, १२०४ ची बस्ती, पुरातत्त्व खात्याकडं, ट्रायपॉडला परवानगी लागते. माझ्याकडं नव्हती, हातात धरून आयएसओ ६४०० वर बघितलं, सगळं हललं.