अलेसिस एचडी२४: रेकॉर्डर भक्कम, पण मागचं इथरनेट विसरा

अलेसिसचा एचडी२४ हा हार्ड डिस्क रेकॉर्डर २००१च्या सुमाराचा. तरीही लाइव्ह कार्यक्रमासाठी तो आजही घेण्याजोगा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर चोवीस ट्रॅक (प्रत्येक माइक किंवा वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग) एकदम, आणि मध्ये कॉम्प्युटर अडकण्याची भीती नाही. अडचण येते ती रेकॉर्डिंग झाल्यावर, ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवताना.

आधी हिशेब. एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो, म्हणजे चोवीस ट्रॅकचे मिनिटाला सुमारे २०७ एमबी. मागचा इथरनेट (नेटवर्क केबलचा) पोर्ट सेकंदाला १० मेगाबिटचा. पूर्ण वेग मिळाला असं धरलं तरी दोन तासांच्या मैफलीला साडेपाच तास लागतील, आणि पूर्ण वेग कधीच मिळत नाही. शिवाय या पोर्टवरून ट्रॅक एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली उतरवायची जुनी पद्धत) घ्यावे लागतात, आणि क्रोम व फायरफॉक्सनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं, त्यामुळे वेगळा एफटीपी प्रोग्रॅम लागतो. त्यात एका वेळी एकच कनेक्शन ठेवा. कॉम्प्युटरचे काही नवे २.५ गिगाबिट नेटवर्क अडॅप्टर १० मेगाबिटला जोडलेच जात नाहीत. मग रेकॉर्डर बिघडला असं वाटतं, पण मध्ये एखादा जुना साधा नेटवर्क स्विच टाकला की लिंक येते. एखाद-दोन ट्रॅक हवे असतील तेवढ्यापुरताच हा मार्ग ठीक.

सगळं गाणं हवं असेल तर डिस्कच काढा. स्टॉप दाबा, मशीन बंद करा, मग कॅडी (डिस्क बसवलेला सरकता खण) ओढा. आतली डिस्क साडेतीन इंची आयडीई, म्हणजे जुन्या रुंद पट्टी-केबलची. तिला यूएसबी-आयडीई अडॅप्टर लागतो, तोही १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला. नुसत्या यूएसबीवर ही डिस्क फिरत नाही. डिस्क दिसली नाही तर आधी डिस्कच्या पिनांवरचा जंपर (छोटी टोपी) बघा, तो मास्टरवर हवा.

इथे सगळ्यात मोठा धोका आहे. या डिस्कवर अलेसिसची स्वतःची एफएसटी फाइल सिस्टम असते, ती विंडोजला वाचता येत नाही. डिस्क जोडताच ‘इनिशियलाइज करू का?’ किंवा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं जातं. दोन्ही वेळा कॅन्सल. घाईत ‘हो’ म्हटलं तर अख्खा कार्यक्रम गमावण्याची वेळ येते. त्यानंतर एचडी२४टूल्स हा मोफत प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर त्याला डिस्क सापडत नाही. गाणं आणि ट्रॅक निवडले की वेव्ह फाइली मिळतात. अलेसिसचा फायरपोर्ट हा अडॅप्टरही याच कामासाठी होता, पण त्याला लागणारा फायरवायर हा जुना पोर्ट असलेला कॉम्प्युटर आता शोधावा लागतो, म्हणून त्यावर पैसे घालू नयेत.

डिस्क काढायची नसेल तर ऑप्टिकल केबल. आठ-आठ चॅनेलचे तीन अडॅट (अलेसिसची ऑप्टिकल डिजिटल जोडणी) आउट आहेत; कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसवर असे तीन इन असतील तर पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटांत येतं, म्हणजे इथरनेटपेक्षा लवकरच. इंटरफेसचा क्लॉक (डिजिटल आवाजाचा ताल ठरवणारं घड्याळ) अडॅट इनवर ठेवा, रेकॉर्डरचा इंटर्नलवर. दोघेही आपापल्या क्लॉकवर चालले तर मधूनमधून टिकटिक ऐकू येते, आणि ती नंतर साफ करत बसण्यापेक्षा ट्रान्सफर पुन्हा करणं सोपं. इन एकच असेल तर आठ-आठ ट्रॅक तीन खेपांत घ्यावे लागतात. अशा वेळी सुरुवातीला सगळ्या ट्रॅकवर एक टाळी रेकॉर्ड केलेली असली तर तिन्ही खेपा त्या टाळीवर जुळवता येतात.