ड्रेपरीवाल्याकडची तयार रंगपेटी: विनोदी नटाच्या तोंडावर कशी टिकते?

गावच्या नाटकात विनोदी भूमिका ज्याच्याकडे जाते त्याचं तोंड बहुतेक वेळा रबराचं असतं. भुवया कपाळात चढतात, खालचा ओठ नाकाला टेकतो, गाल फुगतात नि बसतात. राजाला रंगवणं त्यामानाने सोपं, त्याचं तोंड तीन तास जागच्या जागी असतं. सिंधुदुर्गात हौशी मंडळांना ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे नाटकाचे कपडे नि सामान पुरवणाऱ्याकडून, तोंड रंगवायची जी तयार रंगपेटी मिळते, तिची खरी परीक्षा या हलत्या तोंडावर होते. पेटीत ग्रीसपेंटच्या (तेलकट रंगाच्या) पाच कांड्या, पॅनकेकची (दाबून वडी केलेल्या रंगाची) डबी, पावडर आणि पफ, तपकिरी पेन्सिल, स्पिरिट गमची (केस चिकटवायच्या डिंकाची) बाटली, क्रेपच्या केसांची (दाढीमिशीसाठीच्या कुरळ्या नकली केसांची) वेणी आणि कापडावर शिवलेल्या दोन तयार मिश्या असतात.

त्या तयार मिश्या वापरूच नयेत. मागची कापडी पट्टी ताठ असते. नट हसला की वरचा ओठ ताणतो, पट्टी ताणत नाही, आणि मिशी तोंडाच्या कोपऱ्याकडून सुटते. वैशाखातल्या उकाड्यात तर पहिला अंक संपायच्या आत लोंबायला लागते. हशा येतो, पण तो मिशीला येतो, नटाचं वाक्य वाया जातं.

त्यापेक्षा क्रेपची मिशी बांधावी. वेणी आदल्या दिवशी उकलायची, ओली करायची आणि दोरीसारखी ताणून पूर्ण वाळू द्यायची. अर्धवट ओला क्रेप समुद्राकडच्या दमट हवेत पुन्हा कुरळा होतो. मिशी दोन तुकड्यांत लावायची, नाकाखालची पन्हळ मोकळी ठेवायची. गमाचा पातळ हात द्यायचा आणि बोटाने टिचकत राहायचं. बोट उचलताना तार सुटायला लागली की केस ठेवून ओल्या फडक्याने दाबायचं. हे सगळं चालू असताना नटाने ‘ई’ म्हणत ओठ ताणून धरला पाहिजे. मिटल्या तोंडावर चिकटवलेली मिशी पहिल्याच हसण्याला उचलली जाते. ओठाच्या बाहेर जाणारी टोकं गम न लावता सोडायची. दाढी सकाळीच उरकावी, ताज्या दाढीवर गमातलं स्पिरिट आग करतं. ओठावर तेलाचा अंश असला तर गम धरतच नाही.

गम दर्जाला चांगला आहे. झाकणाचा ब्रश मात्र फार जाड, चित्रकलेचा बारीक ब्रश घ्यावा. गम काढायचं द्रावण पेटीत नाही, ही मोठी उणीव. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस पाच मिनिटं ठेवला की काम होतं. मिशी ओढून काढली तर कातडी सोलून येते.

पॅनकेक पाण्यात भिजवून लावायचा असल्याने घामाचे ओघळ आले की तोंडावर पट्टे पडतात. कोकणात तो मान आणि हातांपुरताच ठेवावा. तोंडाला ग्रीसपेंट, तेही वाटाण्याएवढं. आधी गार पाण्याने तोंड धुऊन तुरटी फिरवावी, कोरडं करावं. रंग गालापासून बाहेर ओढत जावा आणि कपाळ, डोळ्यांखालची जागा, नाकापासून ओठाकडे येणारी घडी इथे तो जवळजवळ पुसून टाकावा. जाड थर याच जागी तडकतो. पावडर घासू नये, पफाने दाबावी. अंकांच्या मधे घाम टिपावा, पुसू नये.

पेटीतली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे तपकिरी पेन्सिल. म्हाताऱ्या खोतासाठी सुरकुत्या काढताना बरेचजण अंदाजाने तीन रेघा मारतात. नटाने भुवया उचलल्या की खरी घडी एकीकडे आणि रेघ दुसरीकडे दिसते. म्हणून आधी नटाला तोंड वाकडं करायला लावावं, कातडी जिथे खोल जाते तिथेच रेघ काढावी आणि तिच्या वरच्या कडेला गोऱ्या रंगाची बारीक रेघ द्यावी. मग तोंड हललं की सुरकुती त्याच्याबरोबर हलते. भुवया साबणाने चिकटवून झाकायचा प्रकार विनोदी भूमिकेला नको, वर केल्या की थर फुटतो. साबणाच्या पाण्याने त्या उलट्या विंचरल्या तरी माणूस वेगळा दिसतो. नाकाचा आकार बदलायला पुट्टी (मऊ लगदा) लावायची असेल तर फक्त हाडावर. नाकपुडीवर लावली तर पहिल्या शिंकेला सुटते.

लाल कांडी जवळपास निरुपयोगी. आता रंगमंचावर पांढरे एलईडी दिवे आले आहेत, त्या उजेडात गालावरचा लाल रंग डागासारखा दिसतो. जत्रेत पुढची पोरं तर रंगमंचाला हात लावून बसलेली असतात, त्यांना तो जवळून दिसतो.

कुडाळपासून मालवणपर्यंत अजूनही गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ हे विनोदी मालवणी नाटक बसवलं जातं आणि तात्या सरपंचाला रंगवायला लोक अशीच पेटी आणतात. ती भूमिका गाजवणारे मच्छिंद्र कांबळी 2007 साली गेले. त्यांचा तात्या लोकांच्या इतका डोळ्यांसमोर आहे की त्या भूमिकेला उभ्या राहिलेल्या नटावर रंगाचे थर चढवायचा मोह होतो. तो आवरावा. गवाणकरांच्या त्या नाटकातली गंमत मालवणी बोलण्यात आणि बोलता बोलता बदलणाऱ्या तोंडात आहे, रंगाखाली ती गाडली जाते. नुसत्या अंगाने हसवायचं असेल तर दशावतारातला राक्षस संकासुर आहेच. त्याचं तोंड काळ्या मुखवट्यात, बाहेर लोंबते ती तांबडी जीभ. त्याला ही पेटी लागतच नाही.

पेटी पत्र्याची आहे, खाऱ्या वाऱ्यात गंजते. आतून प्लास्टिक घालावं. मे महिन्यात कांड्या मऊ पडतात, त्या माठाजवळ ठेवाव्यात. क्रेपमधे डांबरगोळी टाकावी. पफ प्रत्येक प्रयोगानंतर धुऊन उन्हात वाळवावा, पावसाळ्यात त्याला हमखास बुरशी येते.

ड्रेपरीवाला सुटं सामान देत असेल तर गव्हाळ, गोरी आणि तपकिरी अशा तीन कांड्या, पेन्सिल, पावडर, गम आणि क्रेप एवढंच घ्यावं. पूर्ण पेटीच घ्यावी लागली तर तयार मिश्या प्रधानाला द्या. तो फारसा हसत नाही.