उष्मांक मोजावेत की ताटाचे भाग पाळावेत?

आहार सुधारायचे मनावर घेतलेल्या माणसापुढे पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो: खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाचे वजन करून उष्मांक नोंदवत जायचे, की काटा बाजूला ठेवून ताटात कोणत्या पदार्थाने किती जागा व्यापली आहे एवढेच पाहायचे? पहिली पद्धत ‘किती खाल्ले’ हे सांगते, दुसरी ‘काय खाल्ले’ हे सांगते. त्यामुळे आपले नेमके कुठे चुकते आहे याचा अंदाज घेऊन मगच यांतली एक निवडावी, असे मला वाटते.

मोजणीचे गणित सोपे आहे. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे 4 किलोकॅलरी मिळतात आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगांतून हे सरासरी आकडे रूढ झाले आणि आजही वेष्टनांवरचे हिशेब बव्हंशी त्यांच्याच आधारे होतात. मात्र ते सरासरी आहेत, हे विसरता कामा नये. अख्खे बदाम नीट चावले तरी त्यांतील काही स्निग्धांश पेशींच्या भित्तिकांत अडकून न पचताच बाहेर पडतो, म्हणून त्यांच्यापासून मिळणारी प्रत्यक्ष ऊर्जा कागदावरच्या हिशेबापेक्षा बरीच कमी भरते.

तरीही डोळ्यांना जे दिसत नाही ते काटा दाखवतो, आणि हा त्याचा फार मोठा उपयोग आहे. तेलाचेच पाहा. स्वयंपाकाला लागण्यापूर्वी तेलाची बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, कढईत नेहमीच्या सवयीने तेल ओतावे आणि बाटली पुन्हा काट्यावर ठेवावी. उणे 27 असा आकडा आला, तर दोन मोठे चमचे तेल, म्हणजे सुमारे 240 किलोकॅलरी कढईत गेल्या आहेत. तेवढीच ऊर्जा मिळवायला शिजलेला भात साधारण 185 ग्रॅम खावा लागेल. भाताचा ढीग ताटात दिसतो, तेल मात्र पदार्थात मुरून नाहीसे होते. हा प्रयोग एकदा केला की पुढे बाटली हातात घेताना तो आकडा आपोआप आठवतो.

मोजणीत चुका होतात त्या मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली चूक कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे 360 किलोकॅलरी असतात, तर शिजवताना पाणी शोषले गेल्यामुळे 100 ग्रॅम भातात सुमारे 130. वजन भाताचे करायचे आणि आकडा तांदळाचा घ्यायचा, असे झाले की सगळा दिवस चुकतो. दुसरी चूक अधिक खोल आहे, कारण ती नकळत होते. कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लोकांचा अमेरिकेत अभ्यास झाला आणि तो 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी नोंदवलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघाले. ती माणसे खोटे बोलत होती असे मी म्हणणार नाही. उभ्याउभ्या तोंडात टाकलेला घास, दुसऱ्याच्या ताटातला तुकडा, दोनदा घेतलेले पेय या गोष्टी कोणाच्याच लक्षात राहत नाहीत.

ताटाच्या पद्धतीत काटाही लागत नाही आणि वहीही. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने 2011 साली मांडलेल्या आराखड्यात अर्धे ताट भाज्या आणि फळांना, पाव ताट अख्ख्या धान्यांना आणि उरलेले पाव ताट डाळी, कडधान्ये, अंडी, मासे यांसारख्या प्रथिनयुक्त पदार्थांना दिलेले आहे; बटाटा तिथे भाज्यांच्या अर्ध्या भागात धरलेला नाही, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या खाण्यास सांगते, आणि अर्धे ताट खरोखर भरले तर ती मर्यादा वेगळी न मोजताही सहज गाठली जाते. मोजणीत मात्र दिवसाचा आकडा तंतोतंत बसवूनही भाजीचा एक घास पोटात गेलेला नाही, असे घडू शकते.

या पद्धतीच्या उणिवाही स्पष्ट आहेत. ताट पसारा दाखवते, ढिगाची उंची दाखवत नाही. मुरलेले तेल दाखवत नाही. आणि दोन जेवणांच्या मधले खाणेपिणे तर ताटात येतच नाही. सगळे पदार्थ एकत्र शिजवलेले असतील तर भाग पाडायचे कसे, हा प्रश्न उरतो. अशा वेळी शिजवण्यापूर्वी भांड्यात काय किती पडते तिकडे पाहावे.

माझा कल ताटाकडे झुकतो, त्याचे कारण 2019 सालचा एक प्रयोग आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात बऱ्याच प्रक्रिया करून बनवलेले तयार अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रिया केलेले अन्न दिले. समोर ठेवलेल्या जेवणांतील उष्मांक, साखर, स्निग्धांश आणि चोथा यांचे प्रमाण जुळवलेले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाल्ल्या. म्हणजे अन्न कोणत्या प्रकारचे आहे यावर ते किती खाल्ले जाईल हे बऱ्याच अंशी ठरते, आणि ‘काय’ सुधारले की ‘किती’ काही प्रमाणात आपोआप आटोक्यात येते.

शिवाय आपली निवड निव्वळ माहितीवर होत नाही. झोप अपुरी झालेली असते, दिवसभराचा थकवा असतो, समोर चटकन उचलता येईल असे काही असते आणि वाढणारा हात सढळ असतो. अशा संध्याकाळी वजन करून नोंद ठेवण्याचे काम सर्वांत आधी सुटते, तर अर्धे ताट भाजीने भरण्याची सवय तेव्हाही टिकते, अर्थात चिरलेली भाजी घरात असेल तर.

ज्यांना वजन विशिष्ट प्रमाणात कमी करायचे आहे किंवा ‘मी फारसे खातच नाही’ असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी दोन-तीन आठवडे काटेकोर मोजणी करावी, आपल्या खाण्यातल्या तीन-चार मोठ्या गळती शोधाव्यात आणि मग ताटाकडे वळावे. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांना डॉक्टरांनी कर्बोदकांची मोजणी सांगितली असेल, तर ती सोडू नये. तिथे आकडा औषधाच्या मात्रेशी बांधलेला असतो. मात्र ज्यांचे खाण्याशी असलेले नाते पूर्वी कधी बिघडले आहे, उपाशी राहणे किंवा खाऊन पश्चात्तापाने स्वतःला शिक्षा करणे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांनी काट्याला हात लावू नये, असे मी कळकळीने सांगेन. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटापुढेही तो आणू नये. मुलांसमोर भाज्या, धान्य आणि डाळी रोज मांडाव्यात, आणि त्यांतले किती खायचे हे त्यांच्या भुकेला ठरवू द्यावे.