फेरीवरच्या नोकरीची फाईल: पाच कागद, १ लाख ७१ हजार ५००

दापोली तालुक्यातला मुलगा, बारावी झालेला. वडील ट्रॉलरवर तांडेल, बोटीचे प्रमुख, म्हणजे घराला समुद्र काही नवा नाही. तरी ‘फेरीबोटीत पर्मनंट नोकरी, दहावी पास, ६० जागा’ या व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीवर घरातले १ लाख ७१ हजार ५०० रुपये गेले. नोंदणीचे १,५००, मेडिकलचे ८,०००, कोर्सचे ४२,०००, सीडीसी नावाच्या खलाशाच्या नोंदवहीचे ६५,००० आणि शेवटी ‘जॉइनिंग’चे ५५,०००. हातात उरली एक निळी प्लॅस्टिकची फाईल. त्यातला एकेक कागद उलगडून पाहिला की या धंद्याची सगळी रीत कळते. आणि तांडेलाचं घरही का फसतं, तेही कळतं.

ते आधी सांगायला हवं. मासेमारीची बोट, खाडीतली किंवा बंदरातली फेरी आणि परदेशी जाणारं जहाज हे तीन वेगळे संसार आहेत. तिघांचे कायदे वेगळे, कागद वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. बंदरात आणि खाडीत चालणाऱ्या लाँचेस, फेऱ्या बहुतेक अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येतात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा आला. त्यांचं काम आपल्याकडे महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. समुद्री जहाजांचं काम नौवहन महासंचालनालयाकडे. एजंट या दोन कचेऱ्यांच्या मधल्या फटीत दुकान मांडतो. लाँचच्या नोकरीसाठी जहाजाचे कागद विकतो, जहाजाच्या नोकरीसाठी लाँचचे. मुलाला फरक ठाऊक नसतो आणि बापाला फक्त मासेमारीचं रान माहीत असतं.

म्हणून पहिला प्रश्न पगाराचा विचारूच नका. विचारा, ‘बोटीचं नाव काय आणि तिची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे?’ कोणते कागद लागतील ते त्या नोंदणीवरून ठरतं. खरा मालक किंवा त्याचा मॅनेजर हे एका वाक्यात सांगतो. एजंट ‘ते जॉइनिंगच्या वेळी कळेल’ म्हणतो.

आता फाईल.

पहिला कागद ऑफर लेटर. ‘पद: फेरी ड्रायव्हर. ठिकाण: गेटवे–मांडवा लाँच. पगार: ३८,००० अधिक ओव्हरटाइम. रुजू होण्याची तारीख: ५ जून.’ खाली नांगराचं चित्र असलेला गोल शिक्का. या पत्रात दोन घोडचुका आहेत, तिसरी जाहिरातीत. लाँचवरचा ड्रायव्हर म्हणजे इंजिन ड्रायव्हर. तो खाली इंजिनापाशी असतो, सुकाणू सारंगाच्या हातात. पत्रात मात्र ड्रायव्हरचं काम ‘बोट चालवणे व प्रवाशांना सूचना देणे’ असं लिहिलंय. ज्याने कधी लाँचच्या इंजिनरूममध्ये डोकावून पाहिलं नाही, त्यानेच हे टाईप केलेलं आहे. दुसरी चूक तारखेची. गेटवे–मांडवा लाँचेस मे अखेरीस बंद होतात आणि पावसाळा सरेपर्यंत उभ्या राहतात. त्या काळात जुन्या खलाशांनाच काम नसतं, तिथे ५ जूनला नवी भरती कोण करील? भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट पावसातही चालते, हवामान बघून, पण पत्रात रो-रो नव्हतीच.

तिसरी चूक जाहिरातीतल्या आकड्याची. कोणत्या बोटीवर किती प्रवासी आणि किती कर्मचारी हे तिच्या परवान्यातच ठरलेलं असतं. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडालेल्या नीलकमल बोटीची परवानगी ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी अशी असल्याचं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. एका लाँचवर पाच-सहा माणसं. साठ जागा भरायच्या तर दहा लाँचेस एकदम पाण्यात उतरवाव्या लागतील. एवढा गुणाकार जाहिरात वाचताना केला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

दुसरा कागद मेडिकलचा. प्रत्यक्षात तो एका लॅबचा रक्ताचा रिपोर्ट, त्यावर ‘फिट’ असा रबरी शिक्का. ना डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, ना डोळ्यांची तपासणी. पाण्यावरच्या कामात रंगदृष्टी हा पहिला अडसर आहे. समोरच्या बोटीचा डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा वेगळा ओळखू आला नाही, तर डेकवरचा माणूस पुढे सारंग होऊच शकत नाही. ठिपक्यांमधून आकडे ओळखायला लावणारी ती रंगीत पानांची वही न दाखवता कोणी ‘फिट’ म्हणालं, तर तो कागद रद्दी समजा. जहाजाच्या कामासाठी मेडिकल महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करावं लागतं. त्या डॉक्टरांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. आमचं म्हणणं असं की सगळ्यात आधी हेच करा, स्वतः जाऊन, स्वतःच्या पैशाने. रंगांधळेपण निघालं तर डेकच्या कोर्सचे पैसे भरायचेच नाहीत. एजंट मेडिकल मुद्दाम आपल्याकडे ठेवतो, कारण गिऱ्हाईक तिथे गळालेलं त्याला परवडत नाही.

तिसरा कागद, खरं तर चार कागद: सुरक्षा कोर्सची प्रमाणपत्रं. समुद्री जहाजासाठी प्राथमिक सुरक्षेचे कोर्स लागतात. पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, जहाजावरची वैयक्तिक सुरक्षितता आणि वेगळा सुरक्षा-दक्षतेचा. सगळे मिळून साधारण दोन आठवडे जातात, तेही मान्यताप्राप्त संस्थेतच. या मुलाला पनवेलच्या एका खोलीत दोन दिवस व्हिडिओ दाखवले आणि तिसऱ्या दिवशी लॅमिनेशन करून चार सर्टिफिकेटं दिली. खऱ्या कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला लावतात. उलटा पडलेला लाइफराफ्ट, म्हणजे फुगवता येणारा जीवरक्षक तराफा, त्याच्याच कडेवर उभं राहून, दोर धरून, अंगाचा भार मागे टाकून सरळ करायला लावतात. धुराच्या खोलीत श्वसनयंत्र लावून शिरायला लावतात, नळीने खरी आग विझवायला लावतात. कपडे ओले झाले नाहीत आणि अंगाला धुराचा वास आला नाही, तर कोर्स झालाच नाही. मुलाला एवढंच विचारायचं, ‘राफ्ट सरळ केलास का?’ उत्तरावरून घरच्यांनाही कळतं.

यातली खरी गोम अशी की गेटवेच्या लाँचवर खलाशी म्हणून लागायला हे चार कागद नव्हेत, लाँचच्या कायद्याचे कागद लागतात. तिथली वाट अशी: आधी खलाशी, म्हणजे दोर टाकणं, फेंडर लावणं, प्रवासी चढवणं-उतरवणं, डेक धुणं. तशी प्रत्यक्ष सेवा झाली, मालकाने तिचा दाखला दिला, की सारंगाच्या परीक्षेला अर्ज. मग डोळ्यांची तपासणी, परीक्षा, तोंडी प्रश्न. त्यापुढे मास्टरच्या पायऱ्या. इंजिनाच्या बाजूला तसंच, आधी ऑइलमन, मग ड्रायव्हर, मग इंजिनिअर. मधली कोणतीही पायरी पैसे भरून गाळता येत नाही, कारण परीक्षेला बसायची पात्रताच सेवेच्या दिवसांवर मोजतात. शिकायचंच असेल तर पाटण्याला राष्ट्रीय अंतर्देशीय नौवहन संस्था आहे, गोव्यात ब्रिटोना इथे बंदर कप्तान खात्याची मेरीटाइम स्कूल आहे. तिथे काय शिकवतात, कधी प्रवेश असतो, ते थेट त्यांनाच विचारा. मध्ये माणूस नको.

चौथा कागद सीडीसी. सगळ्यात महाग, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही याच्याबद्दल. सीडीसी ही समुद्री कामगाराची ओळख आणि सेवेची नोंदवही. ती असली म्हणजे नोकरी लागली असं नाही आणि बोट चालवायचा परवाना मिळाला असंही नाही. ती शिपिंग मास्टरच्या कचेरीतून मिळते. अर्ज ऑनलाइन, आपल्याच नावाने, सरकारी फी भरून. त्याआधी इंडॉस क्रमांक, म्हणजे समुद्री कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, लागतो. या फायलीत सीडीसीची रंगीत झेरॉक्स होती, ‘मूळ प्रत कंपनीकडे आहे’ या सबबीवर. मूळ सीडीसी ज्याची त्याच्याकडे असते. जहाजावर चढल्यावर ती कॅप्टनकडे जमा होते, एजंटच्या कपाटात कधीच नाही. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर इंडॉस क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की खरं-खोटं बाहेर पडतं. इथे टाकल्यावर काहीच आलं नाही. मुलाने ते पाहिलं जॉइनिंगचे ५५,००० भरून झाल्यावर.

पाचवा कागद बहुतेकजण वाचतच नाहीत, आणि पोलीस ठाण्यात नेमका तोच पुढे येतो. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला ‘करार’. त्यात लिहिलंय की घेतलेली रक्कम ही ‘मार्गदर्शन व सल्ला फी’ आहे, नोकरीची हमी दिलेली नाही, रक्कम परत मिळणार नाही. हा कागद मुलासाठी नाहीच, तो पोलिसांसाठी आहे. तक्रार द्यायला गेलात की ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा’ असं ऐकायला मिळावं म्हणून. त्यावर उतारा म्हणजे एजंटचा मूळ हेतू दाखवणारे पुरावे: ‘१००% जॉइनिंग’ लिहिलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पगार आणि तारीख सांगणारे व्हॉइस मेसेज, ऑफर लेटर. पैसे घेतले तेव्हाच देण्यासारखं काही नव्हतं, हे दिसलं की भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू होतं. बनावट सर्टिफिकेटांसाठी कलम ३३६ आणि ३४०. चॅट डिलीट करू नका. रागाच्या भरात मुलं नेमकं तेच करतात.

आणखी एक प्रकार आहे, अर्धा खरा, म्हणून जास्त वाईट. मुलाला खरोखर धक्क्यावर नेतात, गणवेश देतात, कामाला लावतात. पण काम असतं तिकीट तपासण्याचं, साफसफाईचं किंवा रो-रोच्या डेकवर गाड्या ओळीत लावण्याचं, आणि पगार देतो कंत्राटदार. या कामांना सीडीसी लागत नाही, सारंगाचा कागद लागत नाही, आणि असली जागा कोणी विकू शकत नाही. ‘सहा महिन्यांनी क्रूमध्ये घेतील’ या आशेवर मुलगा टिकतो, एजंट कमिशन खातो. दोन-तीन महिन्यांनी कंत्राट बदलतं. त्या दिवसांची सेवा म्हणून कुणी दाखलाही देत नाही, कारण बोटीच्या कर्मचारी यादीत त्याचं नाव कधी नव्हतंच. कामाला लागल्या दिवशी विचारायचं ते हेच: माझं नाव बोटीच्या यादीत आहे की कंत्राटदाराच्या?

सिंधुदुर्गातल्या मुलांना गोव्याच्या फेरीबोटीतली ‘सरकारी नोकरी’ दाखवतात. तिथल्या फेऱ्या नदी परिवहन खातं चालवतं. सरकारी पदांसाठी १५ वर्षांचा रहिवास आणि कोकणीचं ज्ञान लागतं, भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते. सावंतवाडीचा रेशनकार्डधारक तिथे कुठे बसतो? नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणांत २०२४ मध्ये गोव्यात अटका झाल्या, तेव्हा लोक लाखांत बुडाले होते.

परदेशी फेरीचं आमिष असेल तर तीन गोष्टी तपासायच्या. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीकडे महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना हवा. तो संकेतस्थळावरच्या यादीत बघा, भिंतीवर फ्रेम केलेला नको. असा परवानाधारक नोकरी लावण्याचे पैसे उमेदवाराकडून घेऊ शकत नाही. मेडिकल, पासपोर्ट, प्रमाणपत्रं यांचा खर्च आपला, बाकीचा नाही. दुसरं, जहाजाचा आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मागा. तो सात आकडी असतो. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक म्हणजेच सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४, बेरीज १३९, शेवटचा अंक ९. जुळला. जुळला म्हणून नोकरी खरी ठरत नाही, पण मनाने रचलेला क्रमांक कागद-पेन्सिलीवर दोन मिनिटांत उघडा पडतो. तिसरं, पगार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या चौकटीत अनुभवी एबल सीमनचा, म्हणजे डेकवरच्या कुशल खलाशाचा, किमान मूळ पगार १ जानेवारी २०२६ पासून महिना ६९० डॉलर आहे. कोऱ्या मुलाला २,५०० डॉलर सांगणारा आणि व्हिजिट व्हिसावर पाठवणारा माणूस काय करतोय, ते यावरून ताडा.

पैसे गेलेच असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. यूपीआयने गेलेली रक्कम पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठली तरच काही हाती लागतं, म्हणून त्याच दिवशी, त्याच तासात. मग पोलीस ठाणं, कुठलंही. गुन्हा पनवेलला घडला असला तरी दापोलीला शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. बनावट सीडीसीची तक्रार महासंचालनालयाकडे वेगळी पाठवा. इथे एजंट शेवटचा डाव टाकतो, ‘खोटी सीडीसी तुझ्या नावावर आहे, तूही आत जाशील’. बनावट कागद जाणूनबुजून वापरला तर गुन्हा. फसून घेतलेला कागद घेऊन जो स्वतः तक्रार द्यायला जातो, त्याची गोष्ट निराळी. तो कागद त्यानंतर कुठेही दाखवायचा मात्र नाही, दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीलासुद्धा नाही. तक्रारीला झेरॉक्स जोडा, फाईल जशी आहे तशी घरी ठेवा, पाचव्या कागदासकट.